सापडणं, दोष आणि लबाडी

कोलकात्यात हाजरा रोडवरच्या ‘महाराष्ट्र निवास’मधून बाहेर पडून पूर्वेकडे चालत राहिलं, की बालीगंज फांडीचा गजबजलेला चौक येतो. तिथून जवळच गुरुसदय रोड. या रस्त्यावर बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय आहे आणि त्याच्या शेजारी एक हिरवंगार मैदान. हे मैदान कलकत्ता क्रिकेट अँड फुटबॉल क्लबचं. आपली परंपरा १७९२ पर्यंत मागे नेणाऱ्या या क्लबचं अध्यक्षपद डॉ. वेस पेस यांनी भूषवलं. पेस मूळचे गोव्याचे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलेल्या भारतीय हॉकी संघात ते होते. टेनिस बघणाऱ्या पिढीला ते लिअँडर पेसचे वडील म्हणून माहीत. क्रिकेट संघटनांच्या वर्तुळात मात्र त्यांची आणखी एक ओळख होती. क्रीडावैद्यकातले डॉक्टर म्हणून भारतीय क्रिकेट नियामक मंडळ आणि आशियाई क्रिकेट परिषद यांच्या उत्तेजकविरोधी कामात ते होते. कोणती गोळी चालते, कोणती चालत नाही, चाचणीला कसं सामोरं जायचं, हे ते खेळाडूंना समजावून सांगत. ऑगस्ट २०२५ मध्ये कोलकात्यातच त्यांचं निधन झालं.

मैदानावर घाम गाळलेला खेळाडू आणि खेळाडूच्या शरीरात काय जातं यावर लक्ष ठेवणारा डॉक्टर, या दोन्ही भूमिका एकाच माणसानं निभावल्या. मला या गोष्टीचं मोल फार वाटतं. कारण आपल्यापैकी बहुतेकांना यातली कुठलीच बाजू आतून ठाऊक नसते आणि निकाल मात्र आपण सगळ्यात आधी देतो. बालीगंजच्या पदपथावर मातीच्या भांड्यातला चहा पिताना एखाद्या जुन्या खेळाडूचा विषय निघाला, की कुणीतरी म्हणतंच, ‘निश्चोई किछु खेतो.’ कोल्हापूरच्या तालमीबाहेर किंवा दादरच्या कट्ट्यावर हेच वाक्य मराठीत ऐकू येतं, ‘काहीतरी घेतच असणार.’ खेळाडू निवृत्त झालेला असेल तर हे वाक्य आणखी सहज निघतं. त्याला आता धावून, खेळून, कुस्ती मारून उत्तर देता येणार नसतं.

उत्तेजकांच्या प्रत्येक प्रकरणात तीन वेगवेगळे प्रश्न असतात. शरीरात काही सापडलं का? सापडलं तर त्याचा दोष खेळाडूवर येतो का? आणि त्यानं ते जाणूनबुजून, जिंकण्यासाठी केलं का? पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळा देते, दुसऱ्याचं शिस्तपालन समिती किंवा लवाद देतो आणि तिसऱ्यासाठी माणसाच्या हेतूचा पुरावा लागतो. लोक मात्र पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतात. कधी पहिल्या पायरीचीही वाट पाहत नाहीत. हा लेख या तीन पायऱ्यांविषयी आहे.

बाटली क्रमांक ‘ए’, बाटली क्रमांक ‘बी’

आधी चाचणी होते कशी ते जवळून पाहू. शर्यत संपते. खेळाडू अजून धापा टाकत असतो, तेवढ्यात एक अधिकारी कागद पुढे करतो: तुमची चाचणीसाठी निवड झाली आहे. त्या क्षणापासून एक माणूस सावलीसारखा खेळाडूच्या मागे असतो. पदक घ्यायला गेला तरी, कपडे बदलायला गेला तरी. चाचणीच्या खोलीत सीलबंद पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, कारण घामानं सुकलेल्या शरीराला लघवी होत नाही. कधीकधी यात दोन-तीन तास जातात. मग पुरुषासमोर पुरुष आणि स्त्रीसमोर स्त्री अधिकारी उभा राहतो. शर्ट छातीपर्यंत वर, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली. नमुना शरीरातूनच बाहेर येतो आहे, हे त्यानं डोळ्यांनी पाहायचं असतं. किमान ९० मिलिलिटर लागतं.

त्यानंतर खेळाडू समोरच्या खोक्यांतून स्वतः एक खोकं निवडतो. आत काचेच्या दोन बाटल्या, ‘ए’ आणि ‘बी’. दोन्हींवरचा आकडा तो जुळवून बघतो आणि स्वतःच्या हातानं नमुना दोन भागांत ओततो. झाकण फिरवताना टक्-टक् आवाज येतो. ते झाकण एकाच दिशेनं फिरतं, परत उघडायचं तर प्रयोगशाळेत ते तोडावंच लागतं. शेवटी अर्ज. त्यात गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, पावडरी लिहायच्या आणि सही करायची. प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या कागदावर नाव नसतं, फक्त आकडा असतो. बाटली कुणाची हे तिथल्या शास्त्रज्ञाला कळू नये यासाठी ही व्यवस्था.

‘ए’ बाटली तपासली जाते. तिच्यात बंदी असलेला पदार्थ आढळला, तर खेळाडूला ‘बी’ बाटली स्वतःच्या किंवा प्रतिनिधीच्या देखत उघडायला लावण्याचा हक्क आहे. ‘ए’मध्ये आढळलं आणि ‘बी’मध्ये नाही, तर प्रकरण तिथेच पडतं. या दुसऱ्या बाटलीकडे पुढे परत येऊ.

‘सापडलं’ म्हणजे नेमकं काय

प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र असतं. ते नमुन्यातल्या रेणूंचे तुकडे करतं आणि त्या तुकड्यांचं वस्तुमान मोजतं. प्रत्येक पदार्थाच्या तुकड्यांची जुळणी ठरलेली असते, बोटांच्या ठशांसारखी. बऱ्याचदा मूळ औषध सापडतच नाही. शरीर ते पचवून टाकतं आणि सापडतात ते त्याचे अवशेष. मेथॅन्डिएनोन या स्टेरॉइडच्या नेहमीच्या खुणा काही दिवसांत पुसल्या जात. २००६ मध्ये जर्मन संशोधकांनी त्याचा असा एक अवशेष दाखवला, जो कितीतरी जास्त दिवस लघवीत टिकतो. जुन्या तपासणीत स्वच्छ ठरलेली बाटली नव्या तपासणीत बोलू लागते, ती अशा शोधांमुळे.

शरीर स्वतःच बनवतं असा पदार्थ ओळखणं याहून अवघड. टेस्टोस्टेरॉन प्रत्येकाच्या अंगात असतं. म्हणून त्याचं एपिटेस्टोस्टेरॉन या जोडीदाराशी असलेलं प्रमाण बघतात. ते साधारण एकास एकच्या आसपास असतं. चारास एकच्या वर गेलं, की पुढची तपासणी होते. ही पुढची तपासणी कार्बनच्या अणूंची. कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींच्या द्रव्यापासून बनतं आणि त्यात जड कार्बनचं, म्हणजे कार्बन-१३चं प्रमाण माणसाच्या शरीरानं बनवलेल्यापेक्षा कमी असतं. हा फरक यंत्र पकडतं.

विज्ञान इतकं पुढे गेलं आहे, तरी बाटलीपासून अहवालापर्यंतची वाट माणसांच्या हातांतून जाते. ब्रिटनची धावपटू डायान मोडाल हिचा जून १९९४ मधला लिस्बनचा नमुना आठवावा. टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण बेचाळिसास एक निघालं. तेव्हाची मर्यादा सहास एक होती. राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर तिला घरी परतावं लागलं, चार वर्षांची बंदी आली. पुढे उघड झालं, की नमुना उन्हाळ्यात शीतपेटीबाहेर राहिला होता आणि अशा नमुन्यातले जिवाणूच टेस्टोस्टेरॉन तयार करू शकतात. १९९५ मध्ये अपिलात ती निर्दोष ठरली.

आपल्याकडे हेच सुनीता राणीबाबत घडलं. २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत तिनं १५०० मीटरचं सुवर्ण आणि ५००० मीटरचं कांस्य मिळवलं. लगेच नँड्रोलोनचा ठपका आला आणि दोन्ही पदकं काढून घेतली गेली. देशभर तिच्या नावानं बोटं मोडली गेली. मग प्रयोगशाळेच्या कागदपत्रांतल्या विसंगती पुढे आल्या, चौकशी झाली, २००३ च्या सुरुवातीला ती आरोपमुक्त झाली आणि पदकं परत मिळाली. ठपक्याची बातमी पहिल्या पानावर होती, मुक्ततेची आत कुठेतरी. आजही तिचं नाव काढलं, की अनेकांना ‘ती डोपिंगवाली ना?’ एवढंच आठवतं.

सापडलं याचा अर्थ एवढाच, की या आकड्याच्या बाटलीत या पद्धतीनं हा पदार्थ आढळला. पुढचं सगळं सिद्ध करायचं असतं.

दोष कुणाच्या माथी

जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, १९९९ मध्ये स्थापन झाली आणि तिची संहिता २००४ पासून लागू झाली. या संहितेचा पाया एका कठोर नियमावर आहे: खेळाडूच्या शरीरात जे सापडेल, त्याची जबाबदारी खेळाडूची. डॉक्टरनं दिलं, प्रशिक्षकानं दिलं, पावडरीच्या डब्यात मिसळलेलं होतं, यातलं काहीही सांगून नियमभंग पुसला जात नाही. फार तर शिक्षा कमी किंवा माफ होते. हा नियम क्रूर वाटतो, पण नसता तर प्रत्येकानं ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हटलं असतं आणि प्रामाणिक खेळाडूला कुणी वाली उरला नसता.

पुराव्याची पट्टीही इथे वेगळी असते. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात ज्या बाजूचं पारडं थोडं जड, ती जिंकते. उत्तेजकांच्या प्रकरणात संस्थेला या दोन्हींच्या मधली पातळी गाठावी लागते. आपली सुटका व्हावी म्हणून खेळाडूला एखादी गोष्ट पटवायची असेल, तर त्याला पारडं आपल्या बाजूनं झुकवावं लागतं. ‘असंही झालं असेल’ एवढं पुरत नाही.

हे न कळल्यामुळे २०१६ मध्ये महाराष्ट्रात किती घोळ झाला, ते आपण पाहिलं. नरसिंग यादव मुंबईत वाढलेला, कांदिवलीच्या साई केंद्रात तयार झालेला, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत लास वेगासला कांस्य जिंकून त्यानं ७४ किलो गटात भारतासाठी रिओ ऑलिंपिकचं स्थान मिळवलं. त्याच गटातल्या पैलवान सुशीलकुमारनं निवड चाचणी मागितली, दिल्ली उच्च न्यायालयानं ती नाकारली. आणि मग जून-जुलैमधल्या नरसिंगच्या नमुन्यांत मेथॅन्डिएनोन सापडलं. अन्नात, पेयात कुणीतरी मिसळलं, असं नरसिंगचं म्हणणं होतं. राष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या समितीनं १ ऑगस्टला ते मान्य केलं आणि त्याला सोडलं. आपल्याकडे पेढे वाटले गेले. वाडानं क्रीडा लवादाकडे अपील केलं. रिओमध्येच सुनावणी झाली आणि १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी आली.

लवादानं काय पाहिलं, हे समजून घेणं फार गरजेचं आहे. पहिल्या नमुन्यातलं प्रमाण इतकं जास्त होतं, की ते पाण्यात मिसळलेल्या पावडरीतून आलेलं नसून एक-दोन गोळ्या पोटात गेल्याचं लक्षण आहे, असं तज्ज्ञांनी सांगितलं. घातपाताचा ठोस पुरावा पुढे आला नाही. खेळाडूनं पारडं आपल्या बाजूला झुकवायचं होतं, ते झुकलं नाही. हा निकाल अनेकांना आजही अन्यायाचा वाटतो. मला त्या काळातली एक गोष्ट अस्वस्थ करते. आपल्यातल्या फार थोड्यांनी तो निकाल वाचण्याची तसदी घेतली. ज्यांना नरसिंग आपला वाटत होता त्यांच्या लेखी तो निर्दोष होता, ज्यांना सुशील आपला वाटत होता त्यांच्या लेखी तो दोषी. दोन्हीकडचा निवाडा आपल्या मनातल्या नात्यावरून झाला. नरसिंगनं बंदी पूर्ण केली, २०२० मध्ये बेलग्रेडच्या स्पर्धेत तो पुन्हा भारताकडून मॅटवर उतरला आणि २०२४ मध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष झाला. शिक्षा भोगून झाल्यावर माणसाला पुढे जगता येतं, हे कुस्तीच्या जगानं तरी मान्य केलं.

याच्या शेजारी क्रिकेटपटू पृथ्वी शॉचं प्रकरण ठेवून बघा. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेत दिलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. खोकल्याच्या कितीतरी औषधांत हे द्रव्य असतं. त्यानं डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय खोकल्याचं औषध घेतलं होतं. क्रिकेट मंडळानं हे स्पष्टीकरण मान्य केलं आणि मागील तारखेपासून आठ महिन्यांची बंदी घातली. म्हणजे इथे सापडलं होतं, दोषही होता, लबाडी मात्र ठरली नाही. एकोणीस वर्षांच्या त्या मुलावर ‘ड्रग’ हा शब्द घेऊन तुटून पडलेल्यांना या तीनमधला फरक जाणवलाच नाही.

‘एकदाही पकडला गेलो नाही’

आता उलट बाजू. काहीच सापडलं नाही, म्हणजे माणूस स्वच्छ का?

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगनं १९९९ ते २००५ सलग सात वेळा टूर द फ्रान्स जिंकली आणि निवृत्ती घेतली. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २००५ मध्ये, ‘लेकीप’ या फ्रेंच वृत्तपत्रानं बातमी दिली, की १९९९ च्या त्याच्या नमुन्यांत ईपीओ आढळलं आहे. ईपीओ हे मूत्रपिंडात बनणारं संप्रेरक. ते रक्तातल्या लाल पेशी वाढवतं, त्यामुळे स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो. १९९९ मध्ये कृत्रिम ईपीओ पकडणारी चाचणीच नव्हती. नंतर एका फ्रेंच प्रयोगशाळेनं संशोधनासाठी ते जुने, बिननावाचे नमुने तपासले होते आणि पत्रकारानं आकडे जुळवून नाव शोधलं होतं. पण ‘ए’चे नमुने मूळ चाचणीतच संपले होते. पडताळा घेणारी दुसरी बाटली उरली नव्हती. २००६ च्या चौकशी अहवालानं याच कारणांवर बोट ठेवून आर्मस्ट्राँगला मोकळं केलं.

पुढे सहा वर्षांनी अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेनं वेगळी वाट धरली. तिनं माणसांना बोलतं केलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निर्णयामागे २६ जणांच्या साक्षी होत्या, त्यांत ११ जण आर्मस्ट्राँगचे संघसहकारी. पैशांच्या नोंदी, पत्रव्यवहार, रक्ताचे आकडे यांची जोड होती. सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. जानेवारी २०१३ मध्ये त्यानं ओप्रा विन्फ्रेसमोर कबुली दिली. ‘एकदाही पकडला गेलो नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षं ढाल म्हणून वापरलं गेलं होतं. धावपटू मॅरियन जोन्सनंही तीच ढाल वापरली आणि २००७ मध्ये कबुली दिली. चाचणी काही दिवसांची खिडकी उघडते. त्या खिडकीबाहेर जे घडलं, ते तिला दिसत नाही.

या गोष्टीतला मला सर्वांत जाचणारा भाग आर्मस्ट्राँगचा नाहीच. त्याच्या संघात मालिश करणारी एमा ओ’रायली, सहकाऱ्याची बायको बेट्सी अँड्र्यू, पत्रकार डेव्हिड वॉल्श यांनी फार आधी तोंड उघडलं होतं. त्यांना खोटारडं ठरवलं गेलं, कोर्टात खेचलं गेलं, वॉल्शच्या ‘संडे टाइम्स’ला नुकसानभरपाई मोजावी लागली. लोकांनी एका माणसाला पुराव्याशिवाय निर्दोष ठरवलं, त्याची किंमत या खऱ्या बोलणाऱ्यांनी चुकवली. घाईनं दोषी ठरवण्यात जसा अन्याय आहे, तसाच घाईनं निर्दोष ठरवण्यातही आहे. फक्त तो दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येतो, म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

निवृत्तीनंतर उघडणारी बाटली

आज नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात आणि दहा वर्षांपर्यंत कारवाई सुरू करता येते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २००८ च्या बीजिंग आणि २०१२ च्या लंडन स्पर्धांच्या बाटल्या नव्या पद्धतींनी पुन्हा तपासल्या आणि कितीतरी निवृत्त खेळाडूंची पदकं गेली. प्रामाणिक खेळाडूला उशिरा का होईना न्याय मिळतो, म्हणून मला ही व्यवस्था योग्य वाटते. पण तिच्या पोटात एक अवघड प्रश्न आहे, आणि तो एका भारतीय पैलवानाच्या दारी आला.

लंडनमध्ये ६० किलो गटात योगेश्वर दत्त रशियाच्या बेसिक कुदुखोवकडून हरला. कुदुखोव अंतिम फेरीत पोहोचल्यामुळे योगेश्वरला पुन्हा संधी मिळाली. सुजलेल्या डोळ्यानं त्यानं उत्तर कोरियाच्या पैलवानाचे दोन्ही पाय पकडून पुन:पुन्हा लोळवलं आणि कांस्य मिळवलं. डिसेंबर २०१३ मध्ये कुदुखोव मोटार अपघातात गेला. ऑगस्ट २०१६ मध्ये बातमी आली, की त्याचा लंडनचा नमुना फेरतपासणीत सदोष निघाला आहे आणि रौप्यपदक योगेश्वरकडे येणार. योगेश्वरनं जाहीरपणे सांगितलं, की शक्य असेल तर पदक कुदुखोवच्या कुटुंबाकडेच राहू द्या, तो मोठा पैलवान होता. पुढे समितीनं मृत खेळाडूविरुद्धचं प्रकरण बंद केलं आणि रौप्य कुदुखोवच्याच नावावर राहिलं.

गेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही, ‘बी’ बाटली उघडताना हजर राहता येत नाही, म्हणून कारवाई थांबते. इतकी साधी माणुसकी नियमांत आहे. ज्याच्याकडे ते रौप्य येणार होतं, त्या माणसानं ती नियमाच्याही आधी दाखवली.

काही प्रश्न तर उघडेच राहतात. अमेरिकेची धावपटू फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनर हिनं १९८८ मध्ये १०० मीटर १०.४९ सेकंदांत आणि २०० मीटर २१.३४ सेकंदांत पार केलं. महिलांचे हे विक्रम अजून कुणाला मोडता आले नाहीत. ती १९८९ मध्ये निवृत्त झाली, चाचणीत कधी अडकली नाही आणि १९९८ मध्ये झोपेत अपस्माराचा झटका येऊन, अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारली. तिच्याबद्दलचा संशय लोक आजही बोलून दाखवतात. तिच्याबाबत प्रामाणिक उत्तर एकच: हे कुणालाही ठाऊक नाही. वेग हा प्रश्न विचारण्याचं कारण होऊ शकतो, तो पुरावा होऊ शकत नाही.

कोलकात्यातली एक धावपटू

निवृत्त खेळाडूवर आरोप होतो तेव्हा शहर कसं वागतं, हे कोलकात्यानं २०१२ मध्ये दाखवलं. प्रकरण उत्तेजकांचं नव्हतं, पण निवाड्याची तऱ्हा तीच होती. पुरुलियाची पिंकी प्रामाणिक २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ४ बाय ४०० मीटर रिलेत सुवर्ण मिळवणाऱ्या संघात होती. धावणं थांबल्यावर ती रेल्वेत नोकरी करत होती. जून २०१२ मध्ये तिच्या सोबत राहणाऱ्या एका स्त्रीनं, पिंकी पुरुष आहे आणि तिनं बलात्कार केला, असा आरोप केला. तिला अटक झाली. पुरुष पोलीस तिला धरून नेत असल्याची छायाचित्रं छापली गेली. तिच्या शरीराच्या तपासणीचं चित्रण फुटलं आणि मोबाइलवरून फिरलं. सुमारे पंचवीस दिवस ती तुरुंगात होती, नोकरीतून निलंबित झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं तिच्यावरचा खटला रद्द केला.

त्या दोन वर्षांत तिच्या शरीराची चर्चा चहाच्या टपरीपासून दूरचित्रवाणीपर्यंत चालली होती. उत्तेजकांच्या चाचणीत खेळाडूचं नाव शास्त्रज्ञालाही कळू देत नाहीत, आणि इथे तिचं चित्रण अख्ख्या शहराच्या हातात होतं. ज्या शरीरानं देशाला पदक दिलं, त्या शरीराबद्दल आपल्याला काहीही विचारण्याचा हक्क आहे, असं लोकांना वाटू लागतं. खेळाडूवरचं प्रेम आणि खेळाडूवरची मालकी यांतली रेघ इथे पुसली जाते. न्यायालयानं नाव मोकळं केलं तरी ते चित्रण परत घेता येत नाही.

दुसरी बाटली

उत्तेजकांचा प्रश्न भारतात लहान नाही. वाडाच्या २०२३ च्या आकडेवारीत भारतातल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले, जगात मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वरचं होतं. २०२२ मध्ये संसदेनं राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा केला तो उगाच नाही. तेव्हा संशय घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. तालमीत कोवळ्या पोरांना कोण कसल्या गोळ्या देतं, पावडरीच्या डब्यात काय असतं, निवृत्त खेळाडू प्रशिक्षक झाल्यावर काय शिकवतो, हे विचारलंच पाहिजे. ज्यांना काही ठाऊक आहे, त्यांनी एमा ओ’रायलीसारखं बोललंही पाहिजे, आणि त्यांचं आपण ऐकलं पाहिजे.

पण बातमी हातात आली, की काही गोष्टी विचारायची सवय लावून घेता येईल. काय सापडलं आणि कोणत्या नमुन्यात? ‘ए’ की ‘बी’ही? खेळाडूचं म्हणणं काय आहे? निर्णय समितीचा आहे की अजून फक्त आरोप आहे? पुरावा बाटलीतला आहे की साक्षीतला, आणि साक्ष देणारे किती? लवादानं हेतूबद्दल काय म्हटलं? यातली निम्मी उत्तरं त्या दिवशी मिळत नाहीत, ती मिळायला महिने लागतात, आर्मस्ट्राँगच्या बाबतीत वर्षं लागली. तोवर आपल्याजवळ खरं बोलणारा एकच शब्द असतो, ‘बघू’. मराठीत हा शब्द टाळाटाळीसाठी वापरतात. इथे तो शब्दशः घ्यावा. पुरावा येईल, तो बघू.

गुरुसदय रोडवरच्या त्या मैदानाशी थांबलं, की मला डॉ. पेस करत असलेलं काम आठवतं. खेळाडूला त्याचे हक्क आणि त्याची जबाबदारी, दोन्ही सांगायचं काम. नियम करणाऱ्यांचा खेळाडूंवर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी ‘ए’ बाटली ठेवली. स्वतःवरही त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता, म्हणून ‘बी’ ठेवली. पहिल्या निष्कर्षात आपली चूक झाली असेल, ही शक्यता त्यांनी सील करून, आकडा घालून, शीतपेटीत जपली. चहाच्या टपरीवर, तालमीबाहेर, मोबाइल हातात घेऊन बसलेल्या आपल्यापाशी ती दुसरी बाटली नसते. एखाद्या थकलेल्या, खेळ सोडलेल्या माणसाचं नाव पुढच्या वेळी निघेल, तेव्हा ती मनात ठेवावी आणि ती उघडेपर्यंत त्याला लबाड म्हणू नये.